यादीत नसलेल्यांचे काय?



चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी आम्हांला विषय सुचविला होता, 'कामगार चळवळ : काल, आज आणि उद्या'. या विषयावर आम्ही आजवर इतक्यांदा बोललो आहोत की, बोलता बोलता आमची आम्हांलाच जांभई येते. म्हणून आम्ही उलट कळविले की, आम्हांला एका वाक्यावर बोलावयाचे आहे. ते वाक्य संगणकाला सांगायचे आहे. त्याने एका रात्रीत आमच्या एकेचाळीस सभासदांच्या पगाराचा आकडा पुसून टाकला, आणि पुसणारा हात आमचाच होता. चालकांनी मोठ्या मनाने मान्यता दिली. तेव्हा आता जे काही होईल त्याची जबाबदारी निम्मी त्यांची.

आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या खात्यात, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि रद्दीतून निवडून आणलेल्या पुस्तकांवर झाले. संगणकाची विद्याही अशीच चाळिशीनंतर, युनियनच्या कचेरीत रात्री बसून मिळविलेली आहे. तेव्हा येथे कोणी त्या शास्त्रातले जाणकार बसले असतील तर त्यांनी आमचे उच्चार सांभाळून घ्यावेत. अर्थाच्या बाबतीत मात्र सांभाळून घेऊ नये. चूक दिसली तर नंतर जरूर गाठावे.

हे वाक्य सर्वांनी का समजून घ्यावे, असे कोणी विचारील. आपल्यापैकी प्रत्येकजण आज कुठल्या ना कुठल्या तक्त्यातील एक ओळ आहे. रेशनकार्ड, प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन, विजेचे बिल, मतदारयादी, या सगळ्या ठिकाणी आपण म्हणजे एक ओळ आणि त्या ओळीतील दहावीस रकाने. पूर्वी ही ओळ कारकून शाईने लिहीत असे आणि शाईनेच खोडीत असे. खोडलेले दिसे, कोणाच्या हाताने खोडले तेही बहुधा ओळखू येई. आता ओळ बदलते ती एका वाक्याने. एका वाक्यात सहाशे ओळी बदलतात, सहा लाखही बदलतात, आणि खाडाखोड कोठेच दिसत नाही.

ही वाक्ये ज्या भाषेत लिहितात तिचे नाव एस. क्यू. एल. तिची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण ती आम्हांला आवडते. एडगर कॉड नावाचा एक इंग्रज गणिती अमेरिकेत आय. बी. एम. या कंपनीत कामाला होता. दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात होता. १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी; आणि मागणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे, ते कोठल्या कपाटात आहे आणि कोणत्या वाटेने काढावे ही चिंता यंत्राने वाहावी. त्यापूर्वी माहिती हवी असेल तर ती वाट ठाऊक असणाऱ्या माणसाच्याच पाया पडावे लागे. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघा तरुणांनी या कल्पनेवर एक भाषा उभारली. हिशेबनीस, इंजिनियर, नगररचना करणारे, म्हणजे संगणक हा ज्यांचा धंदा नव्हे अशांनाही ती वापरता यावी, हा त्यांचा हेतू होता. बॉइस त्याच वर्षी ऐन तरुणपणी वारला. भाषेचे मूळ नाव 'सीक्वेल'. ते नाव इंग्लंडातील एका विमान कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळते असे निघाले, तेव्हा मधली अक्षरे गाळून एस. क्यू. एल. केले. पण जाणकार मंडळी बोलताना अजून सीक्वेलच म्हणतात, जसे आपण नाव बदललेल्या रस्त्याला जुन्याच नावाने ओळखतो. १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण ठरले, आणि पुढे ते जगभर मान्य झाले.

आता फळ्याकडे पाहावे. दोन तक्ते आहेत. पहिल्याचे नाव 'सभासद'. त्यात टोकन नंबर, नाव, खाते, रोजाचा दर, असे रकाने आहेत. दुसऱ्याचे नाव 'करार'. त्यात दोनच रकाने, टोकन नंबर आणि नवा दर. करार झाला, नवे दर ठरले. आता करारातील दर सभासदांच्या तक्त्यात चढवायचे आहेत. हाताने करायचे तर कसे कराल? एक बोट सभासदांच्या वहीवर ठेवाल, टोकन नंबर वाचाल, दुसरे बोट कराराच्या यादीवरून खाली खाली नेत तोच नंबर शोधाल, नवा दर वाचून पहिल्या वहीत लिहाल, आणि पहिले बोट एक ओळ खाली सरकवाल. यंत्राला हेच असे सांगतात :

अपडेट सभासद
सेट दर = (सिलेक्ट नवा_दर फ्रॉम करार व्हेअर करार.टोकन = सभासद.टोकन);

'अपडेट सभासद' म्हणजे सभासदांचा तक्ता दुरुस्त कर. 'सेट दर' म्हणजे दराच्या रकान्यात लिही. काय लिहू? त्याचे उत्तर कंसात आहे. कंसातील मजकूर हा मोठ्या आज्ञेच्या पोटातील एक लहान प्रश्न. आम्ही त्याला पोटप्रश्न म्हणतो. 'करारातून नवा दर निवड, ज्याचा टोकन या सभासदाच्या टोकनाशी जुळतो.' या पोटप्रश्नाला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नाही. बाहेर कोणत्या सभासदावर बोट आहे ते कळल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला तो नव्याने विचारला जातो. यंत्र आतून कामाची वाट वेगळी काढील, पण उत्तर मात्र असे एकेका ओळीला विचारल्यासारखेच येते.

वाक्य सुबक आहे की नाही? आम्हांलाही फार सुबक वाटले. आता त्या रात्रीची हकीकत.

२०११ सालची गोष्ट. ज्या कारखान्यात आमची युनियन होती त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अकरा महिन्यांच्या वाटाघाटीनंतर करार झाला होता. आमच्या रजिस्टरात सभासद ६१२. कचेरीत एक जुना संगणक होता, त्यावर पोस्टग्रेस नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसविलेली होती. एका सभासदाची मुलगी संगणकाचा डिप्लोमा करीत होती, ती संध्याकाळी येऊन आम्हांला मदत करी. तिनेच सारे रजिस्टर त्यात चढविले होते. कारखान्याने नव्या दरांची यादी पाठविली. त्या दिवशी मुलीची परीक्षा होती. आम्ही म्हटले, आता काय एवढे, आपल्यालाही येते. आणि फळ्यावर आहे ते वाक्य अक्षरशः टंकून आम्ही कळ दाबली. यंत्राने क्षणात उत्तर दिले, 'अपडेट ६१२'. आम्हांला वाटले, वा! सहाशे बारा माणसांना पगारवाढ! खिडकी लावली आणि घरी गेलो.

कारखान्याच्या यादीत आमच्या सभासदांपैकी नावे होती ५७१. हा आकडा आम्हांला ठाऊक होता. यंत्राचा आकडाही डोळ्यांसमोर होता. दोन्हींची वजाबाकी करण्याची बुद्धी मात्र झाली नाही. तिसरीतले पोरही ती करील.

राहिलेले एकेचाळीस कोण? कोणी ईएसआयच्या रजेवर, दोघी बाळंतपणाच्या रजेवर, कोणी चौकशी चालू असल्याने निलंबित, आणि नऊजणांची कामावरून कमी केल्याची प्रकरणे लेबर कोर्टात. कारखान्याच्या चालू यादीतून ती नावे गळली होती. त्यांना नवा दर मिळावा की न मिळावा हा वाद पुढे चालायचा होता. पण त्यांचा जुना दर आमच्या रजिस्टरात होता, आणि आमच्या वाक्याने तो पुसला गेला. यंत्राने केले काय, तर त्या एकेचाळिसांच्या ओळीवर बोट ठेवले, पोटप्रश्न विचारला, यादीत नाव सापडले नाही, उत्तर आले नाही. आणि ते 'उत्तर आले नाही' हेच त्याने रकान्यात लिहून टाकले.

येथे जरा थांबावेसे वाटते, कारण सगळी मेख येथेच आहे. आमच्या मनात असे होते की, यादीत नाही त्याच्या ओळीला यंत्र हात लावणार नाही. कारकून तसेच करतो. कारकुनाला नाव सापडले नाही तर तो पुढे जातो, किंवा कोणाला तरी विचारतो. पण वाक्य नीट वाचा. 'अपडेट सभासद' म्हटले, त्यापुढे 'अमक्याच सभासदांच्या ओळी' असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. कंसातील 'व्हेअर' आहे तो पोटप्रश्नाचा आहे. तो काय लिहावे हे ठरवितो, कोणाच्या ओळीत लिहावे हे ठरवीत नाही. दोन वेगळे प्रश्न होते, आणि आम्ही एकच विचारला होता.

पोटप्रश्नाचे तीन प्रकार होऊ शकतात. एक उत्तर आले तर प्रश्नच नाही. दोन आले, म्हणजे एकाच टोकनाची नोंद यादीत दोनदा आली, तर यंत्र संतापते. 'पोटप्रश्नाला एकाहून अधिक ओळी मिळाल्या' असे सांगून ते सारे काम बंद पाडते आणि सहाशे बारांपैकी एकाही ओळीत काडीचा बदल करीत नाही. पण एकही उत्तर आले नाही तर? तर ते गप्प बसते आणि रकाना रिकामा करून पुढच्या ओळीवर जाते. ज्याचे नाव दोनदा आले त्याच्यासाठी अख्खा कारखाना बंद, आणि ज्याचे नाव एकदाही आले नाही त्याच्यासाठी चकार शब्द नाही! तीस वर्षे कामगारांत काढलेल्या माणसाला ही रीत अगदीच अनोळखी नाही.

हे जे रिकामेपण आहे त्याला या भाषेत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. रोजाचा दर शून्य असता तर कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. नल म्हणजे ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नाही त्याला कितीनेही गुणले तरी उत्तर ठाऊक नाही असेच येते. त्याची तुलना कशाशी केली तरी उत्तर 'खरे' नाही, 'खोटे'ही नाही, तिसरेच. आपण विचारले, 'पाचशेहून कमी दराचे किती?' त्यात हे एकेचाळीस येणार नाहीत. 'पाचशे किंवा अधिक दराचे किती?' त्यातही येणार नाहीत. दोन्ही याद्या जोडल्या म्हणजे सगळे आले असे आपण समजतो, आणि हे दोन्हींतून निसटलेले असतात. 'दर बरोबर नल' असे विचारले तरी सापडत नाहीत, कारण नल नलाच्याही बरोबर नसतो. त्यांना 'इज नल' या शब्दांनीच हाक मारावी लागते. आणि बेरीज करावी तर बेरीज त्यांना बिनबोभाट वगळते. बेरीज येते, सुरेख येते, दोन दशांश स्थळांपर्यंत येते.

तशीच ती आमची आली. पुढच्याच महिन्यात दिवाळी बोनसाची मागणी करायची होती. प्रत्येकाचा दर गुणिले वर्षात भरलेले दिवस, त्यावर टक्केवारी, आणि सर्वांची बेरीज. यंत्राने आकडा दिला, आम्ही सहीशिक्क्यानिशी तो कारखान्याला कळविला. आकडा थोडा कमी वाटला, हे खरे. पण त्या वर्षी हजेरीच कमी असेल असे आम्ही मनाचे समाधान केले.

आठेक दिवसांनी एक बाई कचेरीत आल्या. त्यांचे यजमान चौकशीखाली निलंबित होते.

"भाऊ, मालकांचा बोनस मागणीत धरलाय ना?"

"धरलाय वहिनी. सर्वांचाच धरलाय."

"किती बसतो तेवढं सांगा. वाण्याला तसं सांगते, म्हणजे तो थांबेल."

मुलगी संगणकाशी बसली होती. तिने टोकन नंबर घातला, ओळ काढली, आणि हळूच म्हणाली, "काका, इथं तर काहीच नाही." तिने मग 'इज नल' घालून यादी मागितली. एकामागून एक एकेचाळीस नावे पडद्यावर आली. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरचा चहा आम्ही प्यालेलो होतो. बाई उभ्याच होत्या. त्यांना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आता वाण्याला काय सांगू?"

आमचे जुने खजिनदार यंत्रावर विश्वास न ठेवणारे. आम्ही त्यांची थट्टा करीत असू, पण त्यांनी लाल कापडी बांधणीच्या वहीत दर शाईने लिहिणे सोडले नव्हते. त्या वहीवरून दोन रात्रींत अडतीसजणांचे दर पुन्हा चढविले. तिघांची नोंद वहीतही नव्हती. त्यांच्या घरी जाऊन पगाराच्या चिठ्ठ्या पाहाव्या लागल्या. मागणीचा आकडा वाढवून दुसरे पत्र दिले, तेव्हा समोरच्यांनी पहिले पत्र पुढे केले. "हा तुमचाच आकडा, तुमचीच सही." तो वाद मिटायला चार महिने गेले. पाचशे एकाहत्तरजणांना दिवाळीत बोनस मिळाला, एकेचाळीसजणांना शिमग्यात. सर्वसाधारण सभेत आम्ही चूक कबूल केली. एकाने विचारले, "नेमके आमचेच कसे पुसले गेले हो?" त्याला उत्तर देण्यासाठी आम्ही हा विषय मुळापासून शिकलो.

आता दुरुस्ती सांगतो. वाक्याच्या शेवटी, कंसाच्या बाहेर, दुसरा 'व्हेअर' लावायचा :

अपडेट सभासद
सेट दर = (सिलेक्ट नवा_दर फ्रॉम करार व्हेअर करार.टोकन = सभासद.टोकन)
व्हेअर एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम करार व्हेअर करार.टोकन = सभासद.टोकन);

'एक्झिस्ट्स' म्हणजे अशी नोंद आहे काय? असेल त्याच्याच ओळीला हात लाव. तेच ते दोनदा लिहावे लागते, म्हणून आळशी माणसे गाळतात. पण ती पुनरुक्ती नव्हे. पहिल्या वेळी आपण काय लिहायचे ते विचारले, दुसऱ्या वेळी कोणाच्या ओळीत ते विचारले. असे सांगितले असते तर यंत्र म्हणाले असते, 'अपडेट ५७१'. काहीजण 'कोअलेस' नावाची युक्ती करतात, म्हणजे उत्तर नसेल तर जुनाच दर पुन्हा लिही. त्यानेही दर वाचतो. पण मग यंत्र पुन्हा ६१२ हाच आकडा सांगते, आणि कितीजण खरोखर बदलले हे कळण्याची खूण हातची जाते. आम्हांला ती युक्ती पसंत नाही.

आणखी एक वाट आहे. पोस्टग्रेसमध्ये आणि इतर काही प्रणालींत अपडेटलाच 'फ्रॉम करार' जोडता येते. मग जुळले तेच बदलतात, न जुळलेले सुरक्षित राहतात, आणि वाक्यही आटोपशीर होते. परंतु तेथे दुसरे दुखणे आहे. एका टोकनाच्या दोन नोंदी आल्या तर ते ओरडत नाही. दोहोंतून कोणतीतरी एक उचलते, आणि कोणती उचलील याची हमी पोस्टग्रेसची स्वतःची पुस्तिकाही देत नाही. २००३ सालच्या प्रमाणात आलेले 'मर्ज' नावाचे वाक्य यापेक्षा शहाणे. ते न जुळलेल्यांना सोडते आणि एका ओळीवर दोन नोंदी धावून आल्या तर कामही थांबविते. पोस्टग्रेसमध्ये मात्र ते यायला २०२२ साल उजाडले.

पगारवाढीच्या वाक्यांविषयी बोलतो आहोत तर एक गंमत सांगितल्याखेरीज राहवत नाही. सत्तरच्या दशकात आय. बी. एम.मध्ये हीच भाषा चालविणारी पहिली प्रणाली घडत होती. चेंबरलिन, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्रहान हे तिघे तिच्यावर काम करीत होते. पंचवीस हजार डॉलरांहून कमी पगार असलेल्या प्रत्येकाला दहा टक्के वाढ द्या, असे वाक्य चालविले. काम बिनतक्रार पार पडले. पाहतात तो प्रत्येकाचा पगार निदान पंचवीस हजार झालेला! यंत्र पगाराच्या चढत्या क्रमाने लावलेल्या सूचीवरून चालले होते. एकाला वाढ दिली की तो सूचीत पुढे जाऊन बसे, यंत्र पुढे आले की तो पुन्हा भेटे, पुन्हा दहा टक्के. पंचवीस हजारांची वेस ओलांडीपर्यंत असे चालले. तिकडे भुताखेतांचा हॅलोविन नावाचा सण असतो, त्या सुमारास हे सापडले म्हणून त्याला हॅलोविनचा प्रश्न असेच नाव पडले. आमच्या गेटसभेत ही गोष्ट सांगितली तेव्हा एकजण म्हणाला, "असलं भूत आपल्याकडे पाठवा की!" असो. आता नीट बांधलेल्या प्रणाली अशा फसत नाहीत. पोटप्रश्न त्याच तक्त्याकडे बोट दाखवीत असेल, उदाहरणार्थ 'सरासरीहून कमी दर असणाऱ्यांना वाढ द्या', तर पोस्टग्रेस वाक्याच्या आरंभी जी सरासरी होती तीच शेवटपर्यंत धरते. मायएसक्यूएल नावाची प्रणाली तर असे वाक्य सरळ लिहिले की नकारच देत आली आहे.

दोन सापळे राहिले. पहिला नावांचा. गावात दहा बाळू असतात, म्हणून आपण आडनाव लावतो. रकान्यांचेही तसेच आहे. कराराच्या यादीत रकान्याचे नाव 'टोकन' नसून 'बिल्ला' असे आहे समजा, आणि घाईत आपण लिहिले :

व्हेअर टोकन इन (सिलेक्ट टोकन फ्रॉम करार)

करारात टोकन नाहीच. तेव्हा यंत्राने चूक दाखवावी, असे आपल्याला वाटते. ते दाखवीत नाही. आत सापडला नाही तर ते बाहेर डोकावते, सभासदांच्या तक्त्यात टोकन सापडतो, तोच घेते. मग प्रश्न होतो, या सभासदाचा टोकन त्याच्या स्वतःच्या टोकनाशी जुळतो काय? सर्वांचाच जुळतो! सगळ्या ओळी बदलतात. 'करार.टोकन' असे आडनावासकट लिहिले असते तर यंत्राने तत्काळ 'असा रकाना नाही' म्हणून थांबविले असते.

दुसरा सापळा वगळलेल्यांची यादी काढण्यातला. कोणाचे नाव राहिले हे पाहायला माणसे 'नॉट इन' लिहितात, म्हणजे 'जो या यादीत नाही तो'. कराराच्या यादीत एकाच ओळीत जरी टोकन कोरा असला, तरी हे वाक्य एकही नाव देत नाही. कारण त्या कोऱ्या जागी आपलाच नंबर नसेल कशावरून, ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही तर यंत्र 'यादीत नाही' अशी ग्वाही देत नाही. यादी रिकामी येते आणि आपण म्हणतो, कोणीच वगळलेला नाही, छान! म्हणून तेथे 'नॉट एक्झिस्ट्स' लिहावे.

या सर्वांवर ताण करील अशी एक तजवीज आहे, ती तक्ता मांडतानाच करून ठेवता येते. दराच्या रकान्यापुढे 'नॉट नल' असे दोन शब्द लिहिले की तो रकाना कधीही रिकामा ठेवता येत नाही. आम्ही ते लिहिले असते तर त्या रात्री एकेचाळिसांपैकी पहिला माणूस समोर येताच यंत्राने सारे वाक्य फेटाळले असते, आणि एकही ओळ बिघडली नसती. करारात जसे एक कलम घालून ठेवावे, की नंतर कोणी विसरला तरी ते विसरत नाही, तसे हे आहे. दुसरी तजवीज, वाक्य चालविण्यापूर्वी 'बिगिन' म्हणावे. मग बदल झाला तरी तो कच्चा असतो. आकडा पाहावा, दहा ओळी डोळ्यांखालून घालाव्यात, पटले तर 'कमिट', न पटले तर 'रोलबॅक', की सारे पूर्ववत. सही करण्यापूर्वी मसुदा वाचतात, तेवढेच हे. आम्ही तो न वाचता सही केली होती.

ती मुलगी आता मोठ्या पगारावर नोकरीला आहे, पण महिन्यातून एका रविवारी येतेच. आमच्या कचेरीत तिने एक शिस्त घालून दिली आहे. कोणतीही यादी रजिस्टरात चढविण्यापूर्वी आधी 'नॉट एक्झिस्ट्स'ने राहिलेल्यांची नावे काढायची, आणि ती पडद्यावर नुसती पाहायची नाहीत, मोठ्याने वाचायची. खजिनदार आता थकले आहेत, तरी त्या वेळी लाल वही उघडून समोर बसतात. नाव वाचले की ते खात्याचे नाव सांगतात, वहीवर पेन्सिलीने खूण करतात.

गेल्या रविवारी सात नावे निघाली. एकजण निवृत्त झाला होता, त्याची नोंद करायची राहिली होती. दोघांच्या टोकनातले आकडे कारखान्याच्या यादीत उलटसुलट झाले होते, ते तेथल्या तेथे सुधारले. उरलेले चौघे यादीतून का गळले ते अजून कळलेले नाही. त्यांतले दोघे इथून जवळच राहतात, आणि पहिली पाळी सुटायच्या आत त्यांना घरी गाठायचे तर उद्या पहाटेच निघायला हवे.